भिंतीकडची जागा

नाताळ जवळ आला की आमच्या घरी पाहुणे येतात आणि त्यातले निम्मे मेलेले असतात. ही माझी जुनी चेष्टा. मुलगी पुण्याहून फोन करायची, कोण कोण येणार गं, आणि मी तिला गेलेल्या सासू-सासऱ्यांपासून सगळी नावं ऐकवायची. ती वैतागायची. ह्या वर्षी मात्र ती चेष्टा माझ्या अंगावर आली. तिन्हीसांजेला आमचे हे दारातल्या रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवून म्हणू लागले, "आबा आल्यात. च्या ठेव की."

आबा म्हणजे माझे सासरे, मामंजी. त्यांना मातीआड करून अर्धं आयुष्य लोटलं. पहिल्यांदा मी समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं. आता मुकाट्यानं चहा ठेवते. तो बशीत गार होतो, थोड्या वेळानं हेच तो पिऊन टाकतात, म्हणजे वायाही जात नाही.

आम्ही मिरजेत राहतो. मी इथल्याच एका दवाखान्यात नर्स होते आणि हे रेल्वेत, रुळांच्या गँगवर मुकादम. गाव यांचं साताऱ्याकडं, उंब्रजच्या पलीकडं. उभा जन्म मिरजेत काढला तरी जिभेवरचं उंब्रज काही उतरलं नाही. लग्न झालं तेव्हा हे म्हणायचे, मिरजेत डोळे झाकून दगुड मारला तर डॉक्टरला लागंल, न्हाई तर नर्सला, मला लागलेली ही बघा. एवढ्या डॉक्टरांच्या गावात राहून दुखणं लपत नाही. दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी यांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, की हे विसरत जाणार. सकाळी बरे असतील, ऊन उतरलं की बिघडतील, आणि पुढं पुढं सकाळही राहणार नाही.

मी आणि मुलीनं ठरवलं, यांना सांगायचं नाही. कारण थोरले दीर ह्याच दुखण्यानं गेले. शेवटी शेवटी ते पोटच्या पोराला चोर समजून बोंब मारायचे. हे ते डोळ्यांनी बघून आले आणि त्या दिवसापासून यांच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढलं. "प्रभू, काय बी दे, पर भावागत नको." रोज जेवणाआधी मी ते ऐकलंय आणि आमेन म्हटलंय. आता कुठल्या तोंडानं सांगू, की प्रभूनं नेमकं तेच दिलंय? गोळ्या ताकदीच्या आहेत म्हणून सांगते. हे घेतात आणि दंड दाखवून म्हणतात, बघ, आली का न्हाई ताकद.

आमचं पहिलं बाळ डिसेंबरातलं. मुलगा होता. आठवडाही काढला नाही त्यानं. मला ताप चढलेला, मी वॉर्डात अर्धी शुद्धीत, आणि यांनी आणि मामंजींनी त्याला उचलून नेलं. मला कुणी विचारलं नाही, त्या काळी बाळंतिणीला कोण विचारत होतं? मी त्याची कबर बघितली ती पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, चालायला लागल्यावर. आमच्या दफनभूमीत मधोमध एक कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत विटांची छोटी चौकट, वर सिमेंटचा हात फिरवलेला. चांगली जागा होती. मी तिथं बसून पोटभर रडले आणि यांचा हात धरून म्हणाले, प्रभूनं जागा तरी चांगली दिली.

चांगली म्हणण्याला कारण होतं. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्या काळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक रीत होती. कुठल्या शास्त्रात लिहिलेली नाही, आज कुणी पाळत नाही, विचारलं तर असं काही होतं हेही लोकांना खरं वाटत नाही. बाप्तिस्मा न झालेलं लेकरू इतरांच्या रांगेत ठेवत नसत. त्याला मागच्या भिंतीकडं नेत, जिथं बाभळीचं रान होतं. वर खूण नाही, नाव नाही. हे म्हणाले, पाळकांना आबांनी हात जोडले आणि पाळकांनी ऐकलं. मामंजींचा मंडळीत मान होता. मी विश्वास ठेवला, आणि का नाही ठेवायचा?

तेव्हापासून दर वर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथं जातो. सगळेच जातात. जित्यांची घरं रंगवायच्या आधी मेलेल्यांची रंगवायची, अशी आमच्यात पद्धत. गवत उपटायचं, चुना मारायचा, शेवंती ठेवायची, मेणबत्ती लावायची. मी चुना मारते आणि मनातल्या मनात त्याला सगळं सांगते. बहीण झाली तुला. बहिणीचं लग्न झालं. भाचा झाला, नकटा आहे, तुझ्या बापावर गेलाय.

आणि एक गोष्ट मी मुलीलाही कधी सांगितली नाही. डिसेंबरात दिवे लागायच्या वेळेला माझ्या छातीत अजून पान्हा फुटल्यासारखं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं सांगावं का? पण होतं. मग रडणं ऐकू येतं. लांबून, थकलेलं, भूक लागून लागून बसलेल्या आवाजाचं. करंज्या तळत असले तरी येतं, रस्त्यानं ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत गेले तरी त्याच्याखालून येतं. मी नर्स आहे, कानाला काय होतं आणि मनाला काय होतं ते मला कळतं. तरी हातातलं काम टाकून मी उठते, दोन पावलं जाते आणि परत बसते. यांना एकदा म्हणाले होते, आवं, आपलं लेकरू शांत न्हाई. हे उठून परसात गेले आणि खूप वेळ आले नाहीत.

माझा विश्वास साधा आहे. शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा कबरी उघडतील. पाळकसाहेब त्याचा अर्थ खोलात जाऊन सांगतात, मला तेवढा खोल अर्थ नको. मला एवढंच हवं, की मी उठेन तेव्हा तो माझ्या हाताशी असावा. नुसता हात लांबवला की उचलता यावा. म्हणून त्या कडुलिंबाखाली शेजारची जागा माझी, असं मी मंडळीत सगळ्यांना बजावून ठेवलंय. बायका हसतात, म्हणतात, काकी, जागा धरायला रुमाल टाकून या.

ह्या वर्षी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की पावसात पडलेली दफनभूमीची मागची भिंत नव्या वर्षात बांधायची. जेसीबी येईल, बाभळी काढील, पाया खणील. त्या बाजूला कुणाचं काही नाही, तरी कळवलेलं बरं. मी अर्ध्या कानानं ऐकलं, माझं डोकं नानकटाईचं पीठ भट्टीवर कधी पोचवायचं ह्यात. शेजारी बसलेल्या यांच्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. सकाळची वेळ होती, म्हणजे हे चांगल्या शुद्धीत होते. घरी आल्यावर जेवले नाहीत. रविवारचं मटण, आणि हे जेवले नाहीत! मला वाटलं, दुखण्यानं भूक मेली.

दोन-तीन दिवसांनी आम्ही चुना घेऊन निघालो. सकाळी जायचं ठरलेलं, पण मोरीतला नळ गळायला लागला, मग बाजार, मग यांची झोप. पोचेस्तोवर उन्हं कलली होती. ह्या वेळेला यांना बाहेर नेऊ नये हे मला ठाऊक होतं, पण नाताळाआधी कामं संपत नाहीत. मी कडुलिंबाखाली वाकले, बादलीत कुंचला फिरवला आणि म्हणाले, "आवं, गवत तेवढं उपटा." वळून बघते तर हे पार मागं, पडक्या भिंतीपाशी, बाभळीखाली उकिडवे बसलेले. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

मी तणतणत गेले. "तिकडं काय करताय? काटं भरतील. आपला हिकडं हाय की."

यांनी मान वर केली. माझ्याकडं अदबीनं बघितलं. नवरा बायकोकडं तसा बघत नाही.

"सिस्टर, आलात व्हय," हे म्हणाले.

मी काट्यांतून वाट काढत पुढं झाले.

"सिस्टर, येक इनंती हाय. तिला सांगू नगा."

"कुणाला?"

"माज्या बायकूला. आबांनी लय हातापाया पडून बगितलं, पर कुनी आयकलं न्हाई. हितं ठेवायला लावलं पोराला." यांनी हात जमिनीवर ठेवला. "मी लिंबाखाली इटा लावून ठेवतो. तिला तीच जागा दावनार. ती लय कच्ची हाय अजून, सिस्टर. भिंतीकडं टाकलं म्हनलं तर जीव सोडंल ती."

मी खाली बघितलं. यांच्या हाताखाली खडीचं छोटं रिंगण होतं. रुळांखाली असते ती काळी, धारदार खडी, आमच्या दफनभूमीत कुठं नाही. सुपाएवढं रिंगण, मधली माती खचलेली, आणि आजूबाजूला एवढं काटेरी रान माजलेलं असून त्या रिंगणात गवताची काडी नव्हती.

तेव्हा मला आठवलं. दर वर्षी चुना मारून झाला की हे म्हणायचे, आलोच गं, आणि भिंतीकडं जायचे. मला वाटायचं, लघवीला जातात. मी दर वर्षी ओरडायचे, मेल्याल्यांच्यात तरी लाज बाळगा, घरी जाईस्तोवर दम निघत नाही? हे हात झटकत यायचे. हाताला माती असायची. मी तीही बघितली होती आणि त्यावरूनही बोलले होते.

नर्सचा आवाज घशातून आपोआप येतो, तो मेलं तरी जात नाही. मी म्हणाले, "नाही सांगणार मी तिला. तुम्ही उठा आता. गार पडलंय." हे लगेच उठले. रिक्षात माझ्यापासून अंतर राखून बसले, परक्या बाईशेजारी बसावं तसे.

घरी आल्यावर मी पेटले होते. ह्या माणसानं मला जन्मभर रिकाम्या विटांपुढं बसवलं. माझं लेकरू भिंतीकडं एकटं, आणि मी नातवाचं नाक कसं आहे ते सिमेंटला सांगत होते. तिन्हीसांजेला रडणं ऐकू यायचं ते उगाच नव्हतं, असं त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं, आणि अंगावर काटा आला तो झोपेपर्यंत गेला नाही. भांडायला तरी कुणाशी भांडू? ज्याच्याशी भांडायचं तो समोरच्या खुर्चीत बसून मला विचारत होता, "सिस्टर, तिचा ताप उतरला का?"

सकाळी हे अगदी ठणठणीत. आंघोळ, शास्त्रवाचन, प्रार्थना, सगळं जागच्या जागी. भावाचं वाक्यही. मग पावटा सोलायला बसले. मी शेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाळ लिंबाखालीच हाय न्हवं?"

यांचं बोट शेंगेत थांबलं. "आनि कुटं आसंल?" हे म्हणाले. वर बघितलं नाही.

म्हणजे शुद्धीतला माणूस एक सांगत होता आणि भ्रमातला दुसरं. पण मी आयुष्यभर भुलीतून बाहेर येणारी माणसं सांभाळली आहेत. त्या वेळी माणूस शिव्या देतो, रडतो, भलत्याच बाईचं नाव घेतो, पण खोटं बोलत नाही. खोटं बोलायला शुद्ध लागते. यांची शुद्ध जायला लागली आणि आधी गळून पडलं ते हे खोटं. खाली खरं होतं, ते तसंच्या तसं.

यांना पुढं काही विचारता येईना. विचारलं तर यांनी विचारलं असतं, तुला कुणी सांगितलं. आणि इकडं जेसीबी येणार होता. माझ्या लेकराची हाडं असली तर किती असतील? पाखराएवढी. लोखंडी दात्यातून मातीबरोबर जातील, कुणाला कळणारही नाही. मग कर्णा वाजेल तेव्हा मी कुठं शोधू?

मी पाळकसाहेबांकडं गेले. तरुण आहेत, माझ्या मुलीपेक्षा लहान. सलाम केला, बसले आणि सगळं सांगितलं, यांच्या दुखण्यासकट. ते हात चोळत राहिले. मग म्हणाले, "काकी, अशी रीत होती हे मला माहीत नव्हतं. मला लाज वाटते." त्यांनी लाज वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं, ते तेव्हा जन्मलेही नव्हते, पण कुणीतरी हे म्हटलं याचं मला बरं वाटलं. भिंत थोडी बाहेरून घेऊ म्हणाले. मंडळीच्या पंचांशी ते बोलतील. "फक्त जागा दिसली पाहिजे. चुना मारून पांढरीधोप करा, म्हणजे मशीनवाल्याला लांबून कळेल. आणि काकांना बरोबर घ्या ना."

"त्यांना कळू द्यायचं न्हाई," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग आम्ही प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करायला म्हणून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं गेले. मी बादली उचलली आणि निघाले. थंडी मरणाची होती, कृष्णेकडून धुकं येऊन दफनभूमीत बसलं होतं. कडुलिंबाखालून जाताना पाय अडखळला. वाटलं होतं, त्या विटांना लाथ घालावी. नाही घालवली. मी पुढं गेले, बाभळीखाली बसले आणि खडीला चुना लावायला घेतलं. त्याला काय सांगावं ते सुचेना. एवढ्या वर्षांचं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं. मी म्हणाले, बाळा, मी तुझी आई. उशीर झाला.

मागं पाचोळा वाजला. हे उभे होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, मफलर लोंबलेला. रस्त्यानं मला बादली घेऊन जाताना न्हाव्याच्या खुर्चीतून बघितलं असणार. यांनी आधी रिंगणाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कुंचल्याकडं. सकाळची वेळ, डोळे स्वच्छ. मला ओळखत होते.

"तुला कुनी सांगितलं?"

खरं उत्तर जिभेवर होतं. तुमीच. मग यांनी विचारलं असतं, कवा? मग मी काय सांगणार होते? की परवा, संध्याकाळी, तुम्ही मला सिस्टर म्हणालात, आणि आबांना तुम्ही रोज चहा पाजता? यांना त्या क्षणी भाऊ दिसला असता. आपलं मागणं देवानं ऐकलं नाही हे यांना आपल्याच लेकराच्या कबरीवर कळलं असतं.

"मामंजींनी," मी म्हणाले.

"आबांनी? कवा?"

"जाताना. दवाखान्यात."

प्रभूच्या जन्माच्या आठवड्यात, दफनभूमीत, पोटच्या पोरापुढं मी खोटं बोलले, आणि जीभ जराही अडखळली नाही.

हे मनात हिशेब जुळवत होते. मला दिसत होतं. "म्हंजी तवापासनं तुला ठावं हाय?"

"व्हय."

"आनि दरसाली माज्यासंगं लिंबाखाली येत व्हतीस? चुना मारत व्हतीस?"

"व्हय."

हे मटकन खाली बसले. यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही नाही, थोरले दीर गेले तेव्हाही नाही. साबण डोळ्यांत गेल्यासारखे हातानं तोंड पुसत राहिले. "दर नाताळला म्हनायचो, औंदा सांगू. येताना वाटंत ठरवायचो. पर तू चुना मारताना गानं गुनगुनायचीस. मग मला सांगवायचं न्हाई गं." थोड्या वेळानं म्हणाले, "आता ते भिंतीकडं खननार म्हनल्यावर मला झोप लागंना. आनि तू गप बसलीस. इतकी वर्सं. मला येकट्याला ह्यो भार वढू दिलास."

हा आरोप मी घेतला. काय करणार होते? नाही म्हटलं असतं तर सगळंच उलगडलं असतं. मी मान खाली घातली आणि यांच्या हातात कुंचला दिला. यांनी तो बादलीत बुडवला, कडेला निथळला आणि एकेक दगड रंगवायला घेतला. उद्या-परवा ह्यांना हे आठवेल की नाही, मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की ह्या घडीला माझा नवरा माझ्याजवळ आहे, सगळाच्या सगळा, आणि तो असा आता फार वेळा असणार नाही.

रिंगण अर्धं झाल्यावर यांनी न बघता विचारलं, "रागावलीस माज्यावर?"

"व्हय," मी म्हणाले. "लय."

त्या सकाळी मी यांच्याशी बोललेलं तेवढंच खरं होतं.